छत्रपती संभाजीनगरजवळ १०० किमी लाँगबोर्ड (पायाने ढकलत चालवायचा लांब स्केटबोर्ड) स्पर्धेचा मार्ग कसा ठरवावा?

समृद्धी महामार्गाचा विचार सोडा, तिथे दुचाकीलाही बंदी आहे. माझं मत संभाजीनगर–जालना रस्त्याच्या बाजूने. अंतर साधारण ६० किमी, घाट नाही, आणि जालना सखल असल्याने जाताना एकूण उतारच. १०० किमीसाठी जालन्याहून ४० किमी, म्हणजे दोन-तृतीयांश वाट, परत या. ती चढण मात्र पाय मोडते.

नकाशावर विसंबू नका. आधी मोटारसायकलवरून हळू जाऊन प्रत्येक गतिरोधक, खडी आणि सांधा टिपा. चारचाकीत जे जाणवतही नाही, तिथे बोर्ड अडकून माणूस तोंडावर आपटतो. चाकं ८० मिमीच्या वरची, मऊ घ्या.

वेळ डिसेंबर-जानेवारी, पहाटेची. ऊसवाहतुकीचे रस्ते तेव्हा टाळाच, पडलेला ऊस फार घातक. पोलिसांची लेखी परवानगी आणि मागे दिवे लावलेली गाडी हवीच.