बेळगावात नवी अकॉस्टिक गिटार घेतली, बोटं फार दुखतात. ठेवू की बदलू?

नुसत्या दुखण्यावरून बदलू नका, आधी बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) मोजपट्टी लावा. फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या, जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत 2.5 मिमीच्या आसपास अंतर ठीक. 3 च्या वर असेल तर तारा उंच आहेत, दोष तुमच्या बोटांचा नाही. सॅडल, म्हणजे खालच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, खालून घासून ती उंची कमी होते. मग प्रत्येक तार ट्यूनरवर (सूर मोजणारं यंत्र) मोकळी जुळवा आणि बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा, तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. उंची सुधारूनही सगळ्याच तारांचा सूर तिथे 10 सेंटपेक्षा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) जास्त चढत असेल, तर बदलूनच घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात दमटपणानं लाकूड फुगतं आणि तारा वर येतात. जुलैत सॅडल घासलं तर उन्हाळ्यात त्याच तारा फ्रेटवर खरखरतील.