लिनक्सचा इतिहास: आधी काय वाचावे आणि काय पाहावे?

लिनक्स ही कोणालाही वापरता आणि बदलता येणारी संगणकाची कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) कशी घडली हे समजण्यासाठी कोणते पुस्तक आणि कोणता चित्रपट घ्यावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सुरुवात ‘फ्री ॲज इन फ्रीडम’ (२००२) या, मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांच्या, चरित्रापासून करावी. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेतील लेझर प्रिंटरमध्ये कागद वारंवार अडकत असे आणि त्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) स्टॉलमन यांनी मागूनही मिळाला नाही, हा प्रसंग वाचल्यावर १९८३ मध्ये जाहीर झालेल्या, मुक्त कार्यप्रणाली बनवण्याच्या त्यांच्या ग्नू प्रकल्पामागची तळमळ कळते.

‘रिव्होल्यूशन ओएस’ (२००१) हा माहितीपट इंदूरला आम्ही चार मित्रांनी राजवाड्याजवळच्या भाड्याच्या खोलीत एकाच संगणकावर पाहिला. लिनक्सचा गाभा (कर्नल) लिहिणारे लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाचा पुरस्कार स्वीकारताना स्टॉलमन लिनक्ससोबत ग्नूचे प्रोग्राम वापरले जात असूनही ग्नूला श्रेय मिळत नाही, हा प्रश्न मांडतात, तेथे आम्ही चित्र थांबवून बराच वेळ वाद घातला, आणि मला आजही स्टॉलमन यांचेच म्हणणे पटते. मात्र या माहितीपटात बर्कले विद्यापीठाच्या बीएसडी या कार्यप्रणालीला न्याय मिळालेला नाही. टोरवाल्ड्स यांचे ‘जस्ट फॉर फन’ (२००१) हलकेफुलके आहे. ते नंतर वाचले तरी चालेल. या सर्वांच्या मुळाशी असलेल्या युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीसाठी मात्र ब्रायन कर्निघन यांचे २०१९ मधील आठवणींचे पुस्तक अवश्य मिळवावे, कारण युनिक्स जिथे घडली त्या बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेतील ते दिवस त्यांनी स्वतः अनुभवले होते.