‘चुकलं असेल तर’: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाना पेठेतल्या वडिलांच्या खोलीचं भाडं तीन वर्षं मीच ठेवून घेतलं. धाकट्या भावाचा वाटा ६०,००० होतो. त्यानं विचारलं तेव्हा ‘दुरुस्तीत गेले’ असं खोटं सांगितलं. आता ‘माझं काही चुकलं असेल तर माफ कर’ असा मेसेज टाकलाय. निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आहे. घेऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी तो मेसेज बघा. त्यात ‘काही’ आणि ‘असेल तर’ आहे तोवर ती माफी नव्हे, बिलाखाली छापलेलं ‘चू. भू. दे. घे.’ आहे. चूक तुम्हाला आकड्यासकट ठाऊक आहे. बायबलमध्ये देवाची आज्ञा मोडलेला शौल राजाही शमुवेल संदेष्ट्यासमोर ‘मी पाप केलं’ म्हणाला (१ शमुवेल १५), पण आधी दोष लोकांवर ढकलून, आणि वर ‘वडीलजनांसमोर माझा मान राख’ अशी शमुवेलाला गळ घालून. दावीद राजा, नाथान संदेष्ट्यानं त्याचं पाप दाखवल्यावर, ‘मी पाप केलं’ एवढं एक वाक्य बोलला आणि थांबला. येशूच्या दाखल्यातल्या, बापाचा पैसा उडवलेल्या उधळ्या मुलाला तर दुष्काळाची आयती सबब होती. बापाला काय सांगायचं ते तो मनाशी जुळवतो, त्यात दुष्काळाचा उल्लेखही नाही (लूक १५).

पैशांचं म्हणाल तर लेवीय ६:१-७ जणू तुमच्यासाठीच लिहिलंय. दुसऱ्याचं ठेवून घेतलं आणि वर खोटं बोललं, तर मुद्दल पूर्ण, शिवाय त्याचा पाचवा हिस्सा, आणि तेही दोषार्पणाच्या, म्हणजे अपराधाबद्दलच्या अर्पणाच्याच दिवशी ज्याचं त्याला. म्हणजे ६०,००० अधिक १२,०००, एकूण ७२,०००. हा दर आज ख्रिस्ती मंडळीवर बंधनकारक नाही. पण नुसतं मुद्दल टेकवून मोकळं होणं किती तोकडं, ते त्यावरून कळतं. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयानं तर लुबाडलेल्याच्या चौपट देऊ केलं. एकरकमी जमत नसेल तर हप्ते तारखांसह लिहून द्या. ‘जमेल तसं देतो’ म्हटलं की माफी तिथंच विरते.

मत्तय ५:२३-२४ मधला क्रम स्पष्ट आहे : अर्पण वेदीपुढं ठेवा, आधी भावाकडे जा. तेव्हा रविवारच्या आत जा, एकटे. आईला मध्ये घालू नका. आकडा सांगा, खोटं बोललो हे सांगा, गप्प बसा. ‘साताच्या सत्तर वेळा’ त्याला ऐकवू नका. ते उत्तर येशूकडून त्याचा शिष्य पेत्र याला मिळालं, भावाला किती वेळा क्षमा करावी असं विचारल्यावर. क्षमा मागणाऱ्याच्या हातातलं ते हत्यार नाही. भावानं दारच लावलं तर रोमकरांस १२:१८ मधलं ‘तुमच्याकडून होईल तितकं’ शांतीनं राहा, हे लागू होतं. प्रभुभोजनाचं मग पाळकांशी बोलून ठरवा. पैसे मात्र त्यासाठी थांबवायचे नाहीत.

आणि माफ केलं तरी तो पूर्वीसारखा येईलच असं नाही. भाऊ एसावाला फसवलेल्या याकोबानं त्याला भेटण्याआधी ५५० जनावरं पुढं पाठवली, सात वेळा जमिनीपर्यंत लवला, एसावानं धावत येऊन मिठी मारली. तरी त्यानंतर एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला (उत्पत्ती ३३).

प्रश्न : प्रार्थनेत सारखं ‘मी नालायक, मी नीच’ म्हणणं हीच नम्रता का?

उत्तर : नाही. लूक १८ मधल्या जकातदाराची अख्खी प्रार्थना मूळ ग्रीकमध्ये सहा शब्दांची आहे. लांबण लावली ती शेजारच्या परुश्यानं, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धार्मिक माणसानं, उपासांचा आणि दशमांशाचा (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या दानाचा) हिशेब देत. स्वतःच्या नीचपणाचं रोज सविस्तर वर्णन करणाऱ्याचंही बोलणं शेवटी स्वतःबद्दलच असतं.