वाचकांचे प्रश्न : गणित ऑलिंपियाडची तयारी शाळेतच कशी करून घ्यायची?

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीला गणित शिकवते. यंदा नववीत चार-पाच पोरं अशी आहेत की पुस्तकातला सरावसंच दिला की लगेच मोकळी. त्यांना आयओक्यूएमला (गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला) बसवावं असं फार वाटतंय, पण जुना पेपर काढून बघितला तर निम्मी गणितं मलाच येईनात. मग मी शिकवणार काय? आणि क्लास आमच्या गावात नाहीच.

उत्तर : मॅडम, सगळी गणितं आधी आपल्याला यायला हवीत आणि मगच पोरांपुढं ठेवायची, ही अट तुम्हीच स्वतःला घातलीय, ती काढून टाका. या परीक्षेत गणित दिसल्या दिसल्या कुणालाच सुटत नसतं. पोरांनी नेमकं हेच बघायला हवं, की मॅडम पण अडकतात, मग छोटे आकडे घेऊन बघतात, आकृती परत काढतात, उद्या बघू म्हणतात आणि उद्या खरंच परत बसतात.

पेपरचं स्वरूप सांगते. ३० प्रश्न, ३ तास, १०० मार्क. पहिले १० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, पुढचे १० तीनचे, शेवटचे १० पाचचे. प्रत्येकाचं उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक, तो ओएमआरवर गोल काळे करून भरायचा, निगेटिव्ह मार्किंग नाही. आठवी ते बारावीची मुलं बसू शकतात आणि गेली काही वर्षं परीक्षा सप्टेंबरच्या सुरुवातीला होतेय. म्हणजे नववीच्या पोरांना शांतपणे एक वर्ष तयारीला देता येतं, घाई नको.

विषय चारच : बीजगणित, भूमिती, नंबर थिअरी (पूर्णांकांचे गुणधर्म, भाग जाणं वगैरे) आणि मोजणीची गणितं म्हणजे कॉम्बिनेटोरिक्स. कॅल्क्युलस लागत नाही. भूमितीत तुमची पोरं वाटतं तेवढी मागे नाहीत बरं का, आपल्या बोर्डाच्या दहावीच्या पुस्तकात समरूपता, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका हे सगळं आहे आणि 'पक्ष, साध्य, सिद्धता' लिहायची सवय आहे, ती सवय पुढं सोन्यासारखी उपयोगी पडते. खरी उणीव राहते ती नंबर थिअरी आणि मोजणीत, शाळेत ते जवळजवळ नाहीच. सुरुवात तिथूनच करा.

शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास बसा, आणि गणित एकच. उदाहरणार्थ हे घ्या : १ ते १०० मधल्या कुठल्याही ५१ संख्या निवडल्या तर त्यात दोन लागोपाठच्या येणारच, का? फळ्यावर काही लिहू नका. पोरांना १ ते १० मधल्या ६ निवडायला सांगा. कुणीतरी १, ३, ५, ७, ९ घेईल आणि सहावीला अडकेल, मग दुसरा म्हणेल तुझी निवड चुकली, मी करून दाखवतो, तोही अडकेल. मग हळूच विचारा, प्रत्येक वेळी का अडकतंय? (१,२), (३,४), (५,६) अशा जोड्या कुणाला तरी दिसतातच. १०० पर्यंत जोड्या ५० आणि संख्या ५१, म्हणजे एका जोडीतल्या दोन्ही आल्याच. यालाच पिजनहोल म्हणतात, पण नाव सगळ्यात शेवटी सांगा.

आता घरी न्यायला तेच गणित थोडं बदलून द्या : त्याच ५१ मध्ये दोन संख्या अशा सापडणारच की एकीने दुसरीला नि:शेष भाग जातो. इथं जुन्या जोड्या चालत नाहीत. प्रत्येक संख्येला २ ने भागत भागत विषम संख्या उरेपर्यंत जायचं, १०० पर्यंत विषम संख्या ५०च, म्हणजे दोघींची उरलेली विषम संख्या सारखी येते आणि मग लहान संख्येने मोठीला भाग जातो. पण ही हिंट आठवडाभर तरी देऊ नका, प्लीज. पोरं रोज येऊन विचारतील, तरी नाही. आणि सुटल्यावर पूर्ण वाक्यांत लिहून घ्या, कारण पुढच्या पायरीला नुसत्या उत्तराला किंमत नाही.

याच जातीचा एक प्रश्न हंगेरीचे गणिती पॉल एर्डॉश यांनी १९५९ साली जेवताना लाजोश पोशा नावाच्या शाळकरी मुलाला घातला होता (५१ मधल्या कुठल्यातरी दोघींना १ सोडून सामाईक विभाजक नसतो हे दाखव), आणि पोराने सूप पिता पिता सांगितलं की त्या दोघी शेजारी आहेत! तेच पोशा मोठे झाल्यावर हंगेरीत शाळकरी मुलांची वीकेंड शिबिरं घ्यायला लागले. तिथं मुलं गटात बसून एकातून दुसरं निघत जाणारी गणितं भरपूर वेळ घेऊन सोडवतात. हे आपल्या शाळेच्या व्हरांड्यात पण होऊ शकतं, त्याला पैसे लागत नाहीत. जुने पेपर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या साइटवर फुकट आहेत.

प्रश्न : मुलगी आठवीत, शाळेतल्या ऑलिंपियाडमध्ये दरवर्षी गोल्ड मेडल असतं. एक क्लासवाले म्हणतात दोन वर्षांची फी भरा, इंटरनॅशनलला पाठवू. भरावी का? – एक वडील, ठाणे

उत्तर : दादा, शाळाशाळांतून खासगी संस्था घेतात त्या 'ऑलिंपियाड'चा आणि आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचा काही संबंध नाही. मेडलचं कौतुक जरूर करा, पण खरी वाट आयओक्यूएम, मग आरएमओ (विभागीय ऑलिंपियाड), मग आयएनएमओ (राष्ट्रीय ऑलिंपियाड), मग प्रशिक्षण शिबिर, आणि त्यातून अख्ख्या देशातून फक्त ६ जणांचा संघ अशी आहे. भारत १९८९ पासून जातोय, १९९६ ला स्पर्धा मुंबईतच भरली होती, आणि २०२४ ला इंग्लंडमधल्या बाथला आपल्या पोरांनी ४ सुवर्ण मिळवून देशाला चौथं आणलं. तिथं पोचवायची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, जो देतो त्याला फी देऊ नका. मुलींसाठी युरोपियन गर्ल्स ऑलिंपियाडचा ४ जणींचा वेगळा संघ पण असतो, २०१५ पासून भारत त्यात आहे, हे लेकीला नक्की सांगा. आणि क्लास लावायचाच असेल तर आधी एक तास मागे बसून बघा, सर एक गणित देऊन गप्प बसू शकतात का. तासाला वीस गणितं फळ्यावर सोडवून दाखवत असतील तर नको.

प्रश्न : अकरावीत आहे, जेईईचा क्लास चालू आहे. आरएमओची तयारी केली तर वेळ फुकट जाईल असं घरचे म्हणतात.

उत्तर : जेईईत एका गणिताला काही मिनिटं मिळतात, आरएमओत ३ तासांत ६ गणितं आणि सगळी सिद्धता लिहून. दोन्हीचा सराव वेगळा आहे हे घरच्यांचं म्हणणं खरंच आहे, जेईईचे मार्क त्याने थेट वाढतील असं मी सांगणार नाही. पण एखादं गणित बसमध्ये, जेवताना, झोपताना डोक्यात फिरत राहतं आणि ते तुला आवडतं, असं असेल तर रविवारची सकाळ त्याला दे, क्लासचा होमवर्क शनिवारी उरक. तसं काही होत नसेल तर नको करूस, त्यात कमीपणा काही नाही. आणि केलंस तर सोडवलेलं गणित एखाद्या मित्राला वाचायला दे, त्याला कुठं अडलं ते विचार आणि तेवढा भाग परत लिही.