डोळ्यांभोवतीची सूज झटपट कशाने उतरेल?

जागरणाची, रडण्याची किंवा रात्री खारट खाल्ल्याची सूज असेल तर ती दुपारपर्यंत आपोआप ओसरते. तुम्ही काकडी, बटाटा आणि चहाची पुडी यांतलं चांगलं काय ते विचारलंय. काहीही ठेवा, काम गारवाच करतो. ओला गार फडकाही चालतो. उशी थोडी उंच घ्या, रात्री लोणचं-पापड टाळा.

पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की लहान मुलालाही सकाळी अशीच सूज असते, त्यालाही हेच चालेल का. त्या एका ओळीसाठी मी हे लिहितेय. नाही चालणार. आधी त्याची लघवी तपासा.

आमचं गाव आर्वीकडचं. माझा मुलगा चार वर्षांचा होता, घरात कापूस वेचणीची धांदल होती. सकाळी उठला की पापण्या इतक्या फुगलेल्या असायच्या की डोळे नीट उघडायचे नाहीत. दुपारी बरा दिसायचा, अंगणात खेळायचा. आत्याबाई म्हणाल्या, "रातच्यानं चिलट चावलं असंन." मला ते पटलं नाही, कारण संध्याकाळी चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ कमरेवर खोल उमटलेला दिसायचा आणि पायाच्या नळीवर अंगठा दाबला की पडलेला खड्डा लवकर भरून यायचा नाही. चिलट चावल्यानं असं होत नाही.

माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, त्याला बाजूच्या गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले, मीही सोबत गेले. त्यांनी अ‍ॅलर्जी सांगितली, डोळ्यांत घालायला थेंब दिले आणि एक सुई टोचली. चिठ्ठी दिली नाही. मी टाकलेल्या बाटलीवरचं नाव वाचून ठेवलं, डेक्सामेथासोन. सूज उतरली. भासरे घरभर सांगत होते, "पाह्य, एकाच सुईत उतरली का नाई?" थोड्या दिवसांत ती परत आली, आता पोटही तडतडलेलं.

आमच्या आशाताईंनी एकच गोष्ट विचारली, "लघवीले फेस येते का वं?" येत होता. मोरीत पाणी टाकल्यावरही तो बराच वेळ हटायचा नाही. त्यांनी आम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या लॅबवाल्या दादांनी काचेच्या नळीत लघवी घेऊन वरचा भाग दिव्यावर तापवला. वरची लघवी अंड्यातला पांढरा भाग शिजावा तशी पांढरीफट्ट झाली, खालची तशीच पिवळी. अ‍ॅसिडचे थेंब टाकले तरी पांढरेपणा गेला नाही. ते प्रथिन होतं. तिथून आम्हाला सेवाग्रामला, कस्तुरबा रुग्णालयात पाठवलं.

आजाराचं नाव नेफ्रोटिक सिंड्रोम. किडनीची चाळणी गळते आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीवाटे निघून जातं. रक्तात पाणी धरून ठेवणारं ते कमी झालं की पाणी अंगात झिरपतं. डोळ्यांभोवतीची कातडी पातळ आणि सैल, म्हणून सूज आधी तिथे दिसते. रात्रभर आडवं असल्यामुळे ती सकाळी जास्त, दिवसा पायात उतरते. लहान मुलांमधला हा आजार बहुतेक वेळा प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांना दाद देतो. दहातली आठ तरी मुलं सुधारतात. पहिल्या वेळी साधारण सहा आठवडे रोज आणि मग सहा आठवडे एक दिवसाआड असा कोर्स असतो.

खरा तमाशा त्यानंतर झाला. गोळ्यांनी मुलाचा चेहरा गोल झाला, भूक वाढली. ही गोळी स्टेरॉईडची आहे असं कुणीतरी भासऱ्यांच्या कानावर घातलं. "पोट्ट्याले जहर चारू नोको, बंद कर त्या गोया." कुठल्याशा वैदूचा पालाही घेऊन आले. मी गोळ्या माझ्या पेटीत कुलपात ठेवल्या आणि रोज सकाळी दूध-पोळीनंतर स्वतः दिल्या. घरात बरेच दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. आज सगळ्यांसमोर सांगते, ज्या सुईचं घरभर कौतुक झालं तीही स्टेरॉईडच होती. रोग न ओळखता, चिठ्ठी न देता टोचलेली सुई चालते आणि लघवी तपासून, वजन करून, हिशोबानं दिलेली गोळी मात्र जहर? आणि ही गोळी मध्येच बंद करणं जास्त धोक्याचं असतं. शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी करतं, म्हणून डॉक्टर सांगतील तसा डोस उतरवावा लागतो.

आजार उलटू शकतो, सर्दी-खोकल्यात जास्त. म्हणून लघवीतलं प्रथिन तपासायची पट्टी घरी ठेवा, सकाळी पहिल्या लघवीत बुडवा, रंग वहीत लिहा. पिवळी राहिली तर ठीक. तीन दिवस सलग गर्द हिरवी आली तर सूज यायची वाट न पाहता डॉक्टरला गाठा. गोळ्या चालू असताना घरात कुणाला कांजण्या आल्या तर लगेच कळवा, आणि कोणतीही लस विचारल्याशिवाय देऊ नका.

तुमच्या मुलाला हेच असेल असं मी म्हणत नाही. डोळे खाजत असतील, शिंका येत असतील तर अ‍ॅलर्जीच असू शकते. पण अंगावर खरूज-फोड किंवा घसा येऊन गेल्यावर सूज आली आणि लघवी कोऱ्या चहासारखी लाल झाली, तर तो किडनीचा वेगळा आजार असतो, त्यात रक्तदाबही बघावा लागतो. एकच डोळा लाल, गरम, दुखरा आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना. तुमची स्वतःची सूज रोजचीच असेल, अंग जड आणि कातडी कोरडी वाटत असेल तर थायरॉईड तपासा. दिवस गेलेले असतील आणि चेहरा सुजत असेल तर रक्तदाब आजच मोजा.