इकोची स्प्रिंग कापून गाडी दोन इंच खाली करावी का?

तुमचं म्हणणं असं की मारुतीची इको व्हॅन उंच दिसते, वळणावर झुलते, आणि ओळखीचा मेकॅनिक चारही स्प्रिंगचे वेढे कापून देतो म्हणतोय. माझं रोजचं कामच सस्पेन्शनचं आहे. कापू नका.

इकोची उंची ओझ्यासाठी दिलेली आहे. वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते, पण दबायला जागाच उरत नाही. पाच माणसं आणि सामान घेतलं की प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल (चाकांचा आस) थेट बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या आधाराच्या रबरावर, आदळतो. त्यातून गॅस कटरने कापली तर तिथलं पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कस जातो, मग स्प्रिंग तुटायची ती तिथेच. अशी गाडी जॅकवर घेऊन बघा. शॉकअप, म्हणजे झुलणं थांबवणारा शॉक ॲब्सॉर्बर, जुन्याच लांबीचा असतो, त्यामुळे चाक लोंबकळलं की तोकडी स्प्रिंग बैठकीत सैल होते, हाताने फिरते.

मागचा ॲक्सल आडव्या रॉडने बॉडीला बांधलेला असतो. बॉडी खाली आली की तो ॲक्सलला एका बाजूला सरकवतो. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे त्यांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडतो आणि टायर एका कडेने झिजतात. काही व्हॅनमध्ये मागच्या ब्रेकचा जोर बॉडीच्या उंचीवर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. बॉडी खाली दिसली की त्याला गाडी भरलेली वाटते, तो मागे जादा ब्रेक देतो आणि पावसात रिकामी गाडी मागून घसरते.

मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याची (डिफरन्शियलची) जमिनीपासूनची उंची टायरच्या मापावर ठरते, तो आहे तिथेच राहील. खाली येईल ते पोट, म्हणजे सायलेन्सर आणि पाइप. गतिरोधक नियमाने १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या गल्ल्यांत डांबराचे वरवंटे आडवे टाकलेले असतात, तिथे घासणारच.

हौसच असेल तर इंचभर कमी उंचीच्या तयार स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉकअप आणि नंतर अलाइनमेंट, एवढं तरी करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलाला आडवं येतं, तेव्हा आरटीओ आणि विमावाल्यांना आधी विचारा.

पण तुमचं दुखणं झुलण्याचं आहे. छतावर कॅरियर असेल तर सामान उतरवा, टायरची हवा बघा. मग पुढचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, हेलकावत राहिली तर शॉकअप गेलेत. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.