प्रत्येक संकल्प आठ-दहा दिवसांत मोडतो. रोजच्या जगण्यात प्रेरणा आणायची कोठून?

आपण लिहिले आहे की पहिले काही दिवस उत्साह असतो, मग तो ओसरतो आणि पुन्हा काही सुरू करण्याची उमेदच उरत नाही. हा प्रश्न वाचून मला राहवले नाही, कारण नेमक्या याच मुद्द्यावरून माझ्यात आणि माझ्या थोरल्या भावात चार वर्षांपूर्वी पडलेली गाठ अजून सुटलेली नाही. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो: प्रेरणेची वाट पाहत बसणे ही चूक आहे.

वडिलांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यामुळे उजवे अंग लुळे पडले. पाय दीड-दोन महिन्यांत काठीच्या आधाराने चालू लागला, हात मात्र मांडीवर कोणीतरी आणून ठेवल्यासारखा पडून असे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी घरी करायला एक व्यायाम दिला: कपड्यांचे चिमटे एका डब्याच्या काठाला लावायचे आणि काढायचे, दिवसातून दोनदा. तिसऱ्याच दिवशी बाबांनी चिमटा खाली ठेवला आणि "नको" म्हणाले.

दादाचे म्हणणे असे पडले की त्यांचीच इच्छा नसेल तर बळजबरी करण्यात अर्थ नाही, आधी त्यांच्या मनाने उभारी धरू दे. हे ऐकायला समजूतदारपणाचे वाटते. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. लुळा हात वापरला नाही की माणूस सगळी कामे चांगल्या हाताने उरकायला शिकतो आणि जी हालचाल परत येऊ शकली असती तीही वापरावाचून मागे पडते. एडवर्ड टाउब या मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट हेरून चांगला हात काही तास अडकवून ठेवण्याची आणि दुबळ्या हाताला कामाला लावण्याची उपचारपद्धती विकसित केली. शिवाय सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. उभारीची वाट पाहण्यात आमचे नेमके तेच महिने गेले असते.

म्हणून मी रोज सकाळी सात वाजता डबा घेऊन त्यांच्यासमोर बसू लागलो आणि एका वहीत नोंद ठेवू लागलो. सुरुवातीच्या पानांवर बहुतेक एकच मजकूर आहे: "आज नको म्हणाले. तरी चार केले." चिमटा दाबताना त्यांच्या अंगठ्याचे टोक पांढरे पडे, चिमट्याचे तोंड जेमतेम उघडे आणि तो निसटून फरशीवर पडे, मी उचलून तो पुन्हा त्यांच्या बोटांत देत असे. धीराचे एक वाक्यही मी बोललो नाही. बेचाळिसाव्या दिवशी मी खोलीत गेलो तेव्हा ते सदऱ्याचे तिसरे बटण उजव्या हाताने काजातून काढत होते आणि पुन्हा लावत होते, माझ्याकडे न पाहता, एकामागून एक पाच वेळा. दुसऱ्या दिवशी डबा त्यांनी स्वतः मागितला. उमेद आली ती अशी, कामाच्या मागून.

आता आपल्या आठ-दहा दिवसांविषयी. एकवीस दिवसांत सवय लागते ही समजूत मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये नोंदवलेल्या निरीक्षणावरून पसरली, आणि ते निरीक्षण होते रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्याबद्दलचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००९ मध्ये ९६ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, असेही त्यात आढळले. तेव्हा दहाव्या दिवशी उत्साह नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवू नका. काम लहान ठेवा, वेळ ठरलेली ठेवा, आज किती केले तेवढेच लिहा, आणि कसे वाटले ते लिहू नका. शक्य असेल तर समोर बसणारे एक माणूस मिळवा, आणि ते माणूस "तुला मनापासून वाटेल तेव्हा कर" म्हणणारे नसावे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि तो आजार असतो. त्याच आठवड्यांत डॉक्टरांनी बाबांनाही त्यावर औषध सुरू केले होते, त्यामुळे सगळे श्रेय चिमट्यांना देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्यालाही दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर माझे उत्तर बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

बाबा आता सही उजव्या हाताने करतात. दादा म्हणतो की ते मुळातच जिद्दी होते, इच्छा जागी झाली आणि हात सुधारला. वही कपाटात वरच्या कप्प्यात आहे. त्याने ती अजून उघडून पाहिलेली नाही.